अप-डाऊनचा हिशेब



‘अप-डाऊन’ हा शब्द खरा रेल्वेचा. पण ज्या गावाने कधी रुळाचं तोंड पाहिलं नाही, तिथेही तो आता चांगला रुळलाय. ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं असलं तरी पारावर त्याला ग्रामसेवकच म्हणतात) तालुक्याहून अप-डाऊन करतो. मास्तर मोटारसायकलवर अप-डाऊन करतात. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर आहे आणि कागद दप्तरात आहे. त्यावर इथे जास्त बोलत नाही, दोन्ही बाजू तुम्हाला पाठ आहेत. गावातली पोरं एमआयडीसीत अप-डाऊन करतात. आणि बाया? त्या पहाटे भाकरी बांधून टेंपोत उभ्या राहतात आणि तीस-चाळीस किलोमीटरवर कांदा लावायला, द्राक्षाची विरळणी करायला, हळद काढायला जातात. हेही अप-डाऊनच. फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही.

कामावर जायला माणसाला किती अंतर पडतं, तो कशाने जातो आणि त्या जाण्याचा खर्च कुणाच्या खिशातून होतो, हा प्रश्न दिसायला शहरी आहे. लोकल, मेट्रो, उड्डाणपूल असल्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. पण तो प्रश्न तुमच्या बांधापर्यंत आलेला आहे, म्हणून आज तो मांडायचा.

आधी देशाचा आकडा पाहू. २०११ च्या जनगणनेत हा प्रश्न विचारला गेला: कामाच्या जागी कशाने जाता आणि अंतर किती? उत्तर दिलं सुमारे २० कोटी लोकांनी. त्यात जवळपास एक तृतीयांश लोक असे निघाले की त्यांना कामासाठी जावंच लागत नाही. घर तेच दुकान किंवा घर तोच कारखाना. साडेचार कोटींच्या आसपास लोक पायी जाणारे. सायकलवाले सव्वादोन-अडीच कोटींच्या वर, साधारण १३ टक्के. मोटारसायकल-स्कूटरवाले त्यांच्या अगदी पाठोपाठ, अडीच कोटींच्या घरात. एसटी आणि शहर बस धरून बसने जाणारे सव्वादोन कोटींच्या पुढे. रेल्वेने जाणारे फक्त ७० लाख, आणि मोटारीने जाणारे त्याहून कमी, ५४ लाख. म्हणजे पाहा, ज्या मोटारीसाठी रस्ते रुंद होतात, त्या मोटारीने कामावर जाणारा शंभरात तिसरासुद्धा धड नव्हता.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. २०११ मध्ये देशातल्या शंभरातल्या २१ घरांत दुचाकी होती. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हेच प्रमाण निम्म्या घरांपर्यंत जाऊन पोचलेलं दिसलं. तुम्हाला आकड्याची गरज नाही, बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या तरी कळेल. सायकल पोराच्या शाळेची झाली आणि कामाला जाणाऱ्याने हप्त्यावर गाडी घेतली.

आता त्या २० कोटींची गोम ऐका. हा प्रश्न सगळ्या कामगारांना विचारलाच नव्हता. शेती करणारा, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारा, या तिघांना वगळून उरलेल्या ‘इतर कामगारां’नाच तो विचारला. २०११ मध्ये देशात काम करणारे ४८ कोटींच्या वर होते. त्यात शेतकरी पावणेबारा कोटींच्या पुढे आणि शेतमजूर १४ कोटींच्या पुढे. म्हणजे अर्ध्याहून अधिक कामकऱ्यांना कुणी विचारलंच नाही की बाबा रे, बाई गं, कामावर कशी जातेस? कारण काय, तर शेतकरी शेतावरच राहतो आणि मजूर गावातच काम करतो, ही समजूत. कागद करणाऱ्याच्या डोक्यातलं ते गाव साठ वर्षांपूर्वीचं होतं.

ही समजूत किती महागात पडते हे पुढे येईलच. त्याआधी मुंबईत एक फेरी मारू. लांबची वाटेल, पण जायला हवं, कारण माणूस आणि काम यांच्यातलं अंतर आपल्याकडे कसं वाढत गेलं हे जिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं, ती जागा तुमच्या गावाशी नात्याने बांधलेली आहे. ती जागा म्हणजे घोडपदेव.

भायखळ्याच्या पूर्वेला, एका अंगाला रे रोड स्टेशन, वर काळाचौकी, खाली माझगाव. घोडपदेवाच्या देवळावरून वस्तीला नाव पडलं. सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर (आजचं अहिल्यानगर), रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतलं क्वचितच एखादं जुनं गाव असेल, ज्याचा माणूस या पट्ट्यात, म्हणजे घोडपदेव, काळाचौकी, लालबाग, परळ इथे राहून आला नाही. कुणाचा आजा, कुणाचा चुलता. मनिऑर्डरी याच पट्ट्यातून यायच्या आणि त्यावर गावाकडे विहिरी खणल्या गेल्या, बैल घेतले गेले, बहिणी उजवल्या गेल्या.

तिथला माणूस कामावर कसा जायचा? चालत. दुसरं उत्तर नाही. गिरणीचा भोंगा झाला की चाळीच्या जिन्यावर पायांचा आवाज सुरू. भोंगा ऐकू येईल एवढ्याच अंतरावर राहायचं, हा अलिखित नियम. घोडपदेवातच न्यू हिंद मिल होती. काळाचौकीत इंडिया युनायटेडच्या गिरण्या, भायखळ्यात खटाव मिल. दुसऱ्या अंगाला बंदर, गोद्या, दारूखान्यातला लोखंडाचा बाजार. त्याच्या पलीकडे कॉटन ग्रीन. विदर्भ-खानदेशातला तुमचा कापूस रेल्वेने याच भागात उतरायचा, सौदा व्हायचा आणि हाकेच्या अंतरावरच्या गिरणीत त्याचं सूत व्हायचं. कच्चा माल, कामगार आणि यंत्र तिन्ही एका गावठाणाएवढ्या जागेत.

या चालत जाण्याची किंमत होती, ती विसरून चालणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसं. त्याला ‘गाळा’ म्हणत, कुठे ‘गावकीची खोली’. एकजण रात्रपाळीवरून आला की पहाटे उठून गेलेल्याच्या जागेवर तो वळकटी पसरायचा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि खुंटीवर एक पिशवी. जेवण खाणावळीत. या खाणावळी चालवणाऱ्या बायांनीच पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायको-पोरं गावाला. म्हणजे रोजचं अंतर शून्य आणि वर्षाचं अंतर अडीचशे-तीनशे किलोमीटर. गणपतीला, शिमग्याला, गावच्या जत्रेला काय तो प्रवास. मालकाने पगार एकट्या माणसाच्या हिशेबाने दिला. बायकोपोरांचं पोट तुमच्या शेतीने भरलं. गिरणगावाचं कौतुक करताना लोक हे सोडून देतात. गिरणीचं कापड स्वस्त पडायचं त्यात गावाकडच्या ज्वारीचाही वाटा होता.

बरं, त्या काळी शहरात वाहन नव्हतं असं नाही. विजेची ट्राम १९०७ पासून १९६४ पर्यंत धावली. १९२५ च्या फेब्रुवारीत देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली ती हार्बरच्या मार्गाने, म्हणजे रे रोड-कॉटन ग्रीनवरूनच. १९२६ ला मोटारबस आली. पण ट्राम आणि लोकल होती बाबूलोकांची, कचेरीत जाणाऱ्यांची. गिरणीतला माणूस तिकिटाला पैसे घालत नसे. पायताण झिजलं तरी चालेल.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्या संपाचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि कामगारांपैकी फार मोठा भाग गिरणीत परत गेलाच नाही. कितीएक जण गावाला आले. ज्या जमिनीवर भाऊ राबत होता तिच्यात वाटणी मागायची वेळ आली आणि दिवाणी कोर्टात जाणाऱ्या एसट्या भरून जाऊ लागल्या. तुमच्या तालुक्याच्या वकिलांना विचारा.

जे मुंबईत राहिले त्यांची गोष्ट आपल्या विषयाची आहे. गिरणी गेली, पण भाड्याची खोली होती. कुटुंब वाढलं, थोरल्याचं लग्न झालं, खोली पुरेना. मग खोली पागडीवर देऊन लांब जागा घेतली. कुणी डोंबिवलीला, कुणी कल्याणला, कुणी नालासोपारा-विरारला, पुढे बदलापूरला. जागा मोठी झाली. पण काम तिकडे गेलं नाही. पोरगा कुरियरमध्ये, सिक्युरिटीत, कचेरीत शिपाई म्हणून, नाहीतर दुकानात लागला, आणि ती दुकानं-कचेऱ्या कुठे? परळला! गिरण्यांच्याच जागेवर. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांची जमीन विकण्याची वाट मोकळी केली आणि २००१ च्या बदलाने सार्वजनिक वापरासाठी आणि घरांसाठी सुटायची जमीन फारच आक्रसली. फिनिक्स मिलमध्ये बाजार उभा राहिला, कमला मिलमध्ये कचेऱ्या. बाप जिथे पाच मिनिटांत चालत जायचा, त्याच पत्त्यावर लेक दीड-दोन तासांची लोकल करून जाऊ लागला. बापाच्या कपाळी मोठी खोली नव्हती, लेकाच्या कपाळी झोप नाही.

हिशेब करून पाहा. बदलापूरहून निघणारा माणूस घर ते स्टेशन रिक्षा, मग लोकल, मग परत शेअर टॅक्सी नाहीतर पायपीट असं धरलं तर जायला दोन तास, यायला दोन. रोजचे चार. महिन्याला पंचवीस दिवस म्हणजे शंभर तास. आठ तासांची एक पाळी धरली तर साडेबारा पाळ्या तो महिन्याला फुकट भरतो. रेल्वेचा पास स्वस्त आहे हे खरं, आणि तो स्वस्त आहे म्हणूनच मुंबईत कमी पगारावर माणूस मिळतो हेही खरं. पगार मालक देतो, पासाची तूट रेल्वे सोसते आणि तासांची भरपाई कामगार स्वतःच्या अंगाने करतो. त्यातला मालकाचा वाटा किती, ते तुम्हीच काढा.

आणि अंगानेच भरपाई म्हणतो ते अलंकार म्हणून नव्हे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या (आता प्रभादेवी) पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. तो पूल अरुंद आणि जुना, आणि भोवती गिरण्यांच्या जागी उठलेल्या टोलेजंग कचेऱ्या. इमारतींना मजले वाढवून द्यायला जेवढा वेळ लागला नाही, तेवढा पुलाची रुंदी वाढवायला लागला. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली. ती सकाळी कामावर निघालेली माणसं होती. दारात लटकणं हा काही त्यांचा शौक नव्हता. ती गाडी सोडली तर पुढचीही तशीच येते आणि हजेरीवर लाल शेरा पडतो.

एक उलटं उदाहरणही सांगायला हवं, म्हणजे सगळंच अंधारलेलं वाटायला नको. मुंबईतला कांदा-बटाट्याचा आणि पुढे मसाला-धान्याचा घाऊक बाजार मस्जिद बंदरच्या गर्दीतून उठून नव्या मुंबईत गेला. तुमची कांद्याची गाडी आता वाशीलाच जाते. बाजार हलला तेव्हा माथाडी कामगारांचं काय, हा प्रश्न आलाच. पण माथाडींच्या मागे अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना होती आणि १९६९ चा कायदा होता. बाजारापाठोपाठ कोपरखैरणे, घणसोली भागात माथाडींची घरं झाली. १९९२ च्या मे महिन्यात हार्बरची गाडी वाशीपर्यंत पोचली. सगळं गोड झालं असं म्हणत नाही. घरं मिळायला खेटे घालावे लागले, काही विकली गेली. पण काम जिथे हलवलं तिथे राहण्याची सोयही मागून घेता येते, हे त्या वेळी दिसलं. गिरणी कामगाराच्या वाट्याला हे आलं नाही, कारण त्याची गिरणी हलली नव्हती, ती मोडून विकली होती.

त्याच्या घराचं काय झालं? घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी उंच इमारती बांधल्या. २२५ चौरस फुटांची घरं. २०१२ च्या जूनमध्ये ६,९२५ घरांची पहिली मोठी सोडत निघाली, २०२० च्या मार्चमध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची निघाली. अधेमधे आणखी निघाल्या. पण अर्ज होते पावणेदोन लाखांच्या घरात. तुमच्या गावातही कुणाच्या तरी ट्रंकेत गिरणीचं तिकीट, पीएफचा कागद आणि म्हाडाच्या अर्जाची पावती आहे; कामगार वारला असेल तर वारसाकडे आहे.

उरलेल्यांसाठी सरकारने शेलू आणि वांगणी इथे सुमारे ८१ हजार घरांची योजना पुढे केली. शेलू-वांगणी कुठे? बदलापूर ओलांडून कर्जतच्या वाटेवर, नेरळच्या अलीकडे. मुंबईपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. ९ जुलै २०२५ ला कामगार आणि वारस आझाद मैदानावर जमले ते याच कारणाने: आम्हाला मुंबईत घर द्या. काही शहाणे म्हणाले, फुकटात मिळतंय तर कुरकुर कशाला. फुकट नाही हे एक, आणि दुसरं असं की तिथून कामावर जायचं कसं? सत्तरी गाठलेल्या म्हाताऱ्याला कामावर जायचं नाही, पण ज्या लेकासाठी तो घर मागतो त्याला जायचंय. कर्जत लोकल तासाला किती आणि बदलापूरनंतर तिच्यात पाय ठेवायला जागा किती, हे पाहिल्याशिवाय ‘घर दिलं’ असं म्हणता येत नाही. माझं मत विचाराल तर घराच्या कागदावर चौरस फुटांबरोबर कामापर्यंतचे तासही लिहायला हवेत.

आता गावाकडे वळू.

मघाशी म्हटलं की शेतमजुराच्या अप-डाऊनची गणतीच नाही. ४ एप्रिल २०२५ ची सकाळ आठवा. नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात मजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात बाया गेल्या. त्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या होत्या. म्हणजे जिल्हा ओलांडून कामाला निघाल्या होत्या. पेपरात बातमी आली ‘अपघात’ म्हणून, सरकारी मदत जाहीर झाली, आणि विषय संपला. पण त्या बाया मुंब्र्याच्या वळणावर पडलेल्या माणसांसारख्याच कामावर चालल्या होत्या. एका नोंदीत ते प्रवासी, दुसऱ्या नोंदीत या नुसत्या मजूर.

गावातली मजुरी गावात उरली नाही, याची कारणं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. द्राक्ष, कांदा, ऊस, हळद, भाजीपाला यांना ठरावीक आठवड्यात एकदम माणसं लागतात. कोरडवाहू गावात त्याच आठवड्यात काम नसतं. मग मुकादम टोळी बांधतो, टेंपो ठरवतो. मजुरी ठरताना ‘गाडीभाडं कुणाचं’ हा पहिला सवाल असतो. उक्तं काम असेल तर भाडं त्यातच. बागायतदार म्हणतो मजुरी परवडत नाही, आणि बाई म्हणते हातात उरत नाही. दोघंही खरं बोलतात, कारण मधला पैसा रस्त्यावर डिझेलच्या धुरातून जातो.

इथे गिरणगावाशी तुलना करा. तिथे मालक मोठा होता, त्याला अंतराचा खर्च दुसऱ्यावर ढकलता आला. इथे मालक म्हणजे तुम्हीच, दोन-चार एकरवाले. तुमच्याकडे ढकलायला जागा नाही. म्हणून माल वाहायच्या गाडीत माणसं उभी भरली जातात. त्या गाडीच्या विम्यात हे मजूर सहसा धरलेलेच नसतात. ते कळतं कधी? कोर्टात गेल्यावर. मग गाडीवाला हात वर करतो आणि शेतकऱ्याच्या सातबारावर सगळ्यांची नजर जाते.

कामाचं अंतर ही मजुराची खासगी बाब नव्हे, हे सरकारने पूर्वी मान्य केलेलं आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात तरतूद होती की काम पाच किलोमीटरच्या आत द्यायचं. त्याच्या पलीकडे दिलं तर वाहतूक आणि राहण्याच्या खर्चापोटी मजुरीच्या दहा टक्के जादा द्यायचे. किती ठिकाणी हे दहा टक्के दिले गेले, हे जुन्या हजेरीपटांवर ग्रामसेवकांनीच पाहावं. पण तत्त्व कायद्यात लिहिलेलं होतं. आपल्या मुलांनी ज्या कारखान्यांत नोकऱ्या धरल्यात, तिथल्या पगारपत्रकात असा रकाना आहे का, हे विचारायला हरकत नाही.

एसटीचं थोडं बोलतो. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली तेव्हापासून खेड्यातल्या माणसाचं अप-डाऊन तिच्यावर चाललं. महिन्याचा पास काढला तर वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस फिरता येतं, हे कितीतरी नोकरदार पोरांना माहीतच नाही. रोज तिकीट फाडतात, नाहीतर दुचाकीत पेट्रोल ओततात. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या भरून वाहू लागल्या. यावर चावडीवर विनोद पुष्कळ झाले, पण त्या गर्दीने एक गोष्ट दाखवली: बायांना जायचं होतं, पैसा अडवत होता. अडचण आता वेगळीच आहे. गाडी आहे पण वेळेवर नाही. मुक्कामाची गाडी सकाळी साडेसहाला सुटते आणि एमआयडीसीची पहिली पाळी सातला लागते. मग तो पोरगा एसटीने जाणार कसा? एकदा त्याने कर्जाने दुचाकी घेतली की प्रवासी कमी म्हणून ती फेरीही बंद होते. गाडी बंद झाली म्हणून प्रवासी गेले की प्रवासी गेले म्हणून गाडी बंद झाली, यावर आगारप्रमुख आणि सरपंच यांचं कधी एकमत होत नाही.

सरपंचांनी यात एक करावं. आपल्या गावातून रोज कोण कुठे, किती वाजता, कशाने जातं याची साधी यादी करावी. दोनशे उंबऱ्यांच्या गावाला दोन संध्याकाळी पुरतात. आगारात नुसता ‘गाडी सोडा’ असा ठराव नेला की तो फायलीत जातो. पण ‘आमच्या आणि शेजारच्या तीन गावांतून पहिल्या पाळीला इतकी माणसं रोज निघतात, त्यांची सही ही अशी’ असा कागद नेला तर वेळापत्रकावर बोलणं तरी सुरू होतं. यादीत टेंपोने जाणाऱ्या बायांनाही धरा. त्यांना सोडलंत तर २०११ च्या जनगणनेने केलं तेच तुम्ही कराल.

जनगणनेचीही वेळ आलीच आहे. २०२१ ची राहून गेली, आणि जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ ही गणनेची तारीख धरली गेली. घरोघर जाणारे प्रगणक म्हणजे शेवटी आपलेच मास्तर आणि कर्मचारी. मजुरीला जाणारी बाई घरात ‘काही करत नाही’ असं नवरा सांगून मोकळा होतो आणि तसं लिहिलंही जातं. तेव्हा तिला स्वतःला विचारा. वर्षात किती महिने कामाला जाते आणि काय काम करते, एवढं तरी तिच्या तोंडून यायला हवं.

शेवटी एक निकाल सांगतो, तो आपल्या मराठवाड्यातलाच आहे आणि प्रत्येक मुकादमाने, साखर कारखान्यातल्या माणसाने आणि मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याने कानावर घालून घ्यावा असा आहे. धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातला चौकीदार. त्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ ला तो मोटारसायकलवरून कामावर निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. घरच्यांनी १९२३ च्या भरपाई कायद्याखाली दावा केला. खाली ३ लाख २६ हजार १४० रुपये मंजूर झाले. विमा कंपनी वर गेली आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दावा उडवला, कारण अपघात कारखान्याच्या आत नव्हे, वाटेवर झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २९ जुलै २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघातही कामाच्या ओघातलाच धरता येईल, मात्र वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. भरपाई परत मंजूर झाली. बावीस वर्षांनी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आता ही तरतूद आलेली आहे.

हा नियम पाळीवर जाणाऱ्या कामगाराला लागू होतो. टेंपोतल्या रोजंदारीच्या बाईला त्याचा लाभ मिळेलच, अशी खात्री कुणी देऊ नये. पण ज्याला तो मिळू शकतो त्याच्याही हातून तो जातो, तो कागदावाचून. त्या चौकीदाराची पाळी किती वाजता सुरू व्हायची आणि तो कोणत्या वाटेवर, किती वाजता होता हे दाखवता आलं, म्हणून त्याच्या घरच्यांची बाजू उभी राहिली. तेव्हा मुकादमाने टोळीची वही ठेवावी. कोणत्या तारखेला, कुठल्या गावातून, किती वाजता, कोणत्या नंबरच्या गाडीने, कुणाच्या शेतावर आणि कोणकोण, एवढ्या सहा गोष्टी. शेतकऱ्याने त्या वहीवर सही करावी. वहीला वीस रुपये पडतात.